भावनांचे वय



विद्यार्थ्याची जन्मतारीख आपण दाखल-खारीज रजिस्टरात नोंदवितो. त्याची उंची व वजन आरोग्यपत्रिकेत लिहितो. वाचन व गणित यांत त्याची प्रगती किती झाली, हे चाचणीवरून ठरवितो. परंतु त्याच्या भावनेचे वय काय, याची नोंद शाळेच्या कोणत्याही दप्तरात होत नाही. ती वर्गशिक्षकाने आपल्या मनात ठेवावयाची असते. ही नोंद चुकली म्हणजे काय होते आणि ती नीट कशी ठेवावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

मनुष्याच्या भावना जन्मभर त्याच राहतात, लहानपणी त्या दुबळ्या असतात व मोठेपणी बळकट होतात, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. भीती हे नाव एकच असले, तरी चार वर्षांच्या बालकाची भीती, तेरा वर्षांच्या मुलाची भीती व सत्तर वर्षांच्या आजीची भीती या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे निराळी, लक्षणे निराळी आणि त्यांवरील उपायही निराळे.

यासाठी उदाहरण दूर शोधावयास नको. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड व जांबूत या गावांच्या परिसरात अवघ्या काही आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत दोन बालकांचा व एका वृद्धेचा मृत्यू झाला. वर्षभर व त्याहूनही अधिक काळ उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्याला आसरा मिळतो, मादी तेथेच पिले घालते, आणि तोड सुरू झाली की तो आसरा सुटून जनावर वस्तीकडे वळते. दौंड तालुक्याच्या भीमाकाठच्या ऊसपट्ट्यातही त्याचा वावर आहे. अशा दिवसांतही शाळा भरतेच, आणि शिक्षकाला एकाच वर्गात निरनिराळी दृश्ये दिसतात. एक मूल कारण नसता रडते. दुसरे मधल्या सुटीत ‘बिबट्या-बिबट्या’ खेळून मोठ्याने हसते. तिसरे शेजाऱ्याला मारते. चौथे मुकाट्याने गणिते सोडविते, म्हणून त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. या चौघांच्या मनात मूळ भावना एकच असू शकते.

१. एक घर, एक सायंकाळ

उसाच्या कडेला असलेल्या मळ्यातील एक घर कल्पनेत आणू. दिवेलागण झाली आहे. कुत्री एकाएकी भुंकू लागतात, गोठ्यातील शेळी दावे ओढते, आणि कोणीतरी म्हणते, “आला वाटतं.” घरात सहा वयांची माणसे आहेत. आता एकेकाच्या मनात डोकावू.

मांडीवर आठ-दहा महिन्यांचे मूल आहे. त्याला बिबट्या ठाऊक नाही. परंतु आईची मिठी आवळली, तिचा स्वर बदलला, हे त्याला तत्क्षणी कळते व ते रडू लागते. या वयाचे बालक जगाची ओळख आईच्या मुद्रेवरून करून घेते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक वर्षाच्या मुलांना जाड काचेच्या पृष्ठभागावर ठेवले होते. काचेखाली पुढे खड्डा असल्याचा भास होत होता. पलीकडे उभ्या असलेल्या आईने हसरा चेहरा ठेवला, तेव्हा १९ पैकी १४ मुले रांगत पलीकडे गेली. तिने भयभीत चेहरा केला, तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. खड्डा तोच होता, फरक मुद्रेचा होता. अंगणवाडीताईंनी व पहिलीच्या शिक्षकांनी ही गोष्ट ध्यानी धरावी, कारण मोठ्यांचा चेहरा वाचण्याची ही सवय पुढेही पुष्कळ वर्षे टिकते.

चार वर्षांची मुलगी पलंगाखाली शिरते. तिच्या भीतीत डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले व मनाने रचलेले यांची सरमिसळ असते. मृत्यू म्हणजे कायमचे जाणे, हे तिला अजून उमगलेले नाही. म्हणून एखाद्या सोबत्याच्या निधनानंतर या वयाची मुले सहजपणे विचारतात, “बाई, तो परत कधी येणार?” हा प्रश्न निष्ठुरपणाचा नव्हे. आणखी एक बाब येथे नमूद केली पाहिजे. “रडू नकोस, नाहीतर वाघ येईल,” असे आपल्याकडे घरोघर म्हणतात. ज्या गावात वाघरू खरोखर येते, तेथे या वाक्याचा अर्थ बालकाच्या मनात असा होतो की, मी हट्ट केला म्हणून तो आला. भीतीत अपराधाची भर पडते, आणि ती मुलगी हे कोणाला सांगतही नाही.

नऊ वर्षांच्या मुलाला मृत्यू अटळ आहे व मेलेले परत येत नाही, हे समजते. ही समज साधारणतः पाच ते सात या वर्षांच्या सुमारास येऊ लागते व पुढे पक्की होते. त्याची भीती म्हणून आता प्रश्नांच्या रूपाने बाहेर पडते. पिंजरा कोठे लावला, ठसे किती मोठे होते, तो दार उघडू शकतो काय? त्याला माहिती हवी असते. याच वयात तो दोन विरुद्ध भावना एकाच वेळी ओळखू लागतो. पिंजऱ्यात अडकलेला बिबट्या पाहताना त्याला भयही वाटते आणि दयाही येते. तसेच, मनातील भाव लपविण्याची कला त्याला अवगत झालेली असते. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव व तेहतीस संचारी भाव सांगितले आहेत. या तेहतिसांत ‘अवहित्था’ नावाचा एक भाव आहे. आतील भाव दडविणे, असा त्याचा अर्थ. वर्गात मुकाट्याने गणिते सोडविणारा तो चौथा मुलगा आठवावा.

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा बॅटरी व मोबाईल घेऊन बाहेर धावतो. त्याला भीती वाटत नाही, असे नव्हे. भीती वाटल्याची त्याला लाज वाटते. या वयात भावना झपाट्याने पेटविणारी मेंदूतील केंद्रे जोमात असतात, आणि त्यांना आवर घालणारा कपाळामागील भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. बरोबरीच्या मुलांची नजर त्याला आईवडिलांच्या नजरेपेक्षा मोठी वाटते. त्याच वयाच्या मुलीच्या वाट्याला मात्र निराळी काळजी येते. शाळेचा रस्ता उसातून जातो म्हणून घरचे म्हणतील, “आता पुरे झाले शिक्षण.” तिची भीती बिबट्याची थोडी व शाळा सुटण्याची अधिक असते. ती बोलून दाखविण्याची संधी तिला क्वचितच मिळते.

आईवडिलांची भीती कामात मुरलेली असते. पंपाला वीज रात्री मिळाली, तर वडिलांना रात्रीच दारे धरावयास जावे लागते. आईला पहाटे गोठ्यात जाणे चुकत नाही. प्रौढ वयात भयाचे रूपांतर चिंतेत होते. भय क्षणभर टिकते व पळावयास सांगते, तर चिंता दिवसभर टिकते व काम करावयास लावते. ती पुष्कळदा रागाच्या रूपाने बाहेर येते, आणि तो राग मुलावर निघतो.

आजी ओट्यावरून हलत नाही. “माझं काय राहिलंय आता? पोरांना आत घ्या,” एवढेच ती म्हणते. वृद्धपणी भावना बोथट होतात, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेनसेन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून या विषयाचा अभ्यास केला आहे. आपल्यापाशी काळ थोडा उरला आहे याची जाणीव झाली, म्हणजे माणूस दूरची उद्दिष्टे सोडून जवळच्या माणसांकडे वळतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्रकृती बरी असेल व आप्त जवळ असतील, तर म्हातारी माणसे तरुणांपेक्षा पुष्कळदा अधिक समाधानी आढळतात. एकटेपणात मात्र हेच मन खचते. आजीची भीती स्वतःपासून सुटून नातवंडांवर स्थिरावली आहे.

२. हा बदल कशाने घडतो

या बदलाची चार कारणे सांगता येतील.

पहिले कारण शरीराची वाढ. नवजात बालकात अस्वस्थता व तृप्ती यांपलीकडे फारसा भेद दिसत नाही. दीड-दोन महिन्यांच्या सुमारास ते माणसाकडे पाहून हसते. सात-आठ महिन्यांच्या सुमारास अनोळखी माणसाला पाहून बिचकते. दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात आरशातील प्रतिमा आपलीच आहे असे त्यास कळू लागते, आणि ‘मी’ आल्यावर लाज, अभिमान व संकोच या भावनांना जागा मिळते. जो स्वतःला ओळखत नाही, तो लाजणार कसा?

दुसरे कारण भाषा. ‘भीती’, ‘राग’, ‘हिरमुसणे’, ‘हुरहुर’ हे शब्द आले, म्हणजे मनातील गोंधळाला कप्पे पडतात. ज्याच्यापाशी शब्द नाही, तो हात उगारतो किंवा पोटात दुखते म्हणतो. शाळेत वारंवार दुखणारे पोट हे पुष्कळदा न सांगता आलेल्या भावनेचे नाव असते. अर्थात आजाराची शहानिशा आधी केली पाहिजे.

तिसरे कारण संगत. कोणती भावना कोठे दाखवावी, हे मूल घरात, वर्गात व पारावर शिकते. “मुलगे रडत नसतात,” हे वाक्य ऐकून मुलाचे रडू थांबते, दुःख थांबत नाही.

चौथे कारण अनुभव. चार्ल्स डार्विनने आपल्या पहिल्या मुलाच्या शैशवाची टिपणे ठेवली होती. ती त्याने सदतीस वर्षांनी, १८७७ साली प्रसिद्ध केली. सव्वादोन वर्षांच्या सुमारास त्या मुलाला प्राणिसंग्रहालयात नेले, तेव्हा ओळखीच्या प्राण्यांसारखे दिसणारे हरिणासारखे प्राणी पाहून तो आनंदला, परंतु पिंजऱ्यांतील मोठ्या जनावरांना फार घाबरला. पुन्हा तेथे जावयाचे, पण ती घरांत कोंडलेली जनावरे नकोत, असे तो नंतर म्हणत असे. अशी भीती वंशपरंपरेने येत असावी काय, असा प्रश्न डार्विनला पडला. त्या मुलाला कोणा जनावराने कधी इजा केली नव्हती. आपल्या मुलांपैकी काहींनी मात्र शेळी नेलेली पाहिली आहे, काहींनी त्याहून भयंकर ऐकले आहे. उपजत भीतीवर अनुभवाचा थर चढला, की ती खोल रुजते.

३. वय मागे-पुढे होते

येथवर वाचून असे वाटेल की, इयत्ता कळली की भावनेचे वय कळले. तसे नाही. भावनेचे वय रजिस्टरातील वयाच्या पुढे किंवा मागे असू शकते, आणि शिक्षकाची खरी कसोटी येथेच लागते.

मोठा धक्का बसला म्हणजे नऊ वर्षांचा मुलगा पुन्हा आईचा पदर धरतो, एकटा लघवीला जात नाही, अंथरूण ओले करतो. त्याची भावना काही काळ चार वर्षांची झालेली असते. “एवढा मोठा झालास, लाज नाही वाटत?” असे म्हटल्याने ती नऊ वर्षांची होत नाही. आधार मिळाला, दिनक्रम पूर्ववत झाला, म्हणजे बहुधा काही आठवड्यांत ती आपोआप पुढे येते.

उलट प्रकारही आपल्या दोन्ही तालुक्यांत दिसतो. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांत दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला दिवसभर सांभाळते. आईबाप फडात असतात. तिचे वय दहा, पण काळजी मातेची. अशी मुलगी शाळेत आली, तर ती खेळात रमत नाही व दाराकडे पाहत राहते. तिला ‘लक्ष नसलेली’ ठरविण्यापूर्वी तिचे लक्ष कोठे आहे, हे विचारावे. शक्य तर धाकट्याला तिच्याशेजारी बसू द्यावे. भाऊ डोळ्यांसमोर असला, तर ती पुस्तकात पाहील.

दौंडची परिस्थिती आणखी निराळी आहे. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील हे मोठे जंक्शन, मनमाडकडे जाणारा मार्ग येथूनच फुटतो. राज्य राखीव पोलीस दलाचे गटही येथे आहेत. गाडीवर किंवा बंदोबस्तावर वडील कित्येक दिवस घराबाहेर असतात. तीन वर्षांचे मूल ते निघताना आक्रोश करते व अर्ध्या तासात खेळू लागते. आठ वर्षांचे मूल दिनदर्शिकेवर खुणा करते. तेरा वर्षांचे मूल वडील परत आल्यावरही दोन दिवस तुटकपणे बोलते. वरवर पाहता तिसऱ्याला काहीच वाटत नाही. वस्तुतः त्याची ओढ रुसव्याच्या आड बसलेली असते.

४. वर्गात काय करावे

(अ) प्रथम आपला चेहरा व आवाज सांभाळावा. भीतिदायक बातमी आली त्या दिवशी शाळेचा दिनक्रम शक्यतो मोडू नये. परिपाठ, हजेरी, प्रार्थना ठरल्या वेळी व्हावी. ठरलेली गोष्ट ठरल्या वेळी घडते, याहून मोठा दिलासा लहान मुलाला नाही.

(आ) पहिली-दुसरीच्या मुलांशी थोडक्यात व खरे बोलावे. “तो देवाघरी गेला, झोपला आहे,” असे म्हटल्यास काही मुले झोपेलाच भिऊ लागतात. “तो वारला. तो आता परत येणार नाही. आपल्या सर्वांना वाईट वाटते. तुमच्यापैकी कोणाचीही यात चूक नाही,” एवढे पुरे. शेवटचे वाक्य कधीही गाळू नये. चित्रे काढू द्यावीत. बिबट्याचा खेळ खेळत असतील तर तो एकदम बंद पाडू नये. खेळात मूल भयाला आपल्या हाताने वळविते. तोच खेळ दिवसेंदिवस तसाच चालला आणि मूल त्यात अधिकच घाबरू लागले, तर मात्र जवळ जाऊन बसावे.

(इ) तिसरी ते पाचवीच्या मुलांना माहिती व काम द्यावे. बिबट्या कोठे राहतो, केव्हा हिंडतो, शाळेत येता-जाता घोळक्याने व बोलत का चालावे, उघड्यावर एकटे का बसू नये, हे परिसर अभ्यासाच्या तासाला शिकवावे. वस्तीवार गट करून मोठ्या मुलांकडे लहानांची सोबत सोपवावी, आणि वाटेवर एखादे मोठे माणूस राहील याची पालकांशी बोलून तजवीज करावी. करावयास काही नसलेली भीती मनात साचते. काम मिळाले, की ती सावधगिरी होते.

(ई) सहावी ते आठवीच्या मुलांना चारचौघांत “तुला भीती वाटते का?” असे विचारू नये. उत्तर ‘नाही’ असेच येईल. निबंध, पत्र किंवा एकांतातील बोलणे यांतून वाट द्यावी. शिक्षकाने आपल्या भीतीची एखादी खरी हकीकत सांगितली, तर मुलांची जीभ सुटते. ज्या मुलींची शाळा सुटण्याचा संभव आहे, त्यांच्या पालकांची भेट त्याच आठवड्यात घ्यावी. महिनाभराने घेतलेली भेट बहुधा व्यर्थ जाते.

(उ) शिक्षा व उपहास टाळावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक त्रासासही मनाई आहे. परंतु कायदा नसता, तरी भ्यालेल्या मुलाला हसणे ही शिकविण्याची रीत झाली नसती.

(ऊ) आजीआजोबांना शाळेत बोलवावे. दुष्काळ, पूर, साथी पाहिलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. “आम्हीही भ्यालो होतो, आणि मग असे केले,” हे त्यांच्या तोंडून ऐकताना मुलाला कळते की, भावना येते, राहते व बदलते. वृद्धांचेही एकाकीपण त्यामुळे घटकाभर दूर होते.

(ए) झोप उडणे, जेवण तुटणे, बोलणे बंद होणे ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली, तर पालकांना विश्वासात घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. हे मुलाच्या किंवा शिक्षकाच्या कमीपणाचे लक्षण नव्हे.

५. शिक्षकाचे स्वतःचे मन

शेवटी एक गोष्ट आपल्याविषयी. शिक्षकाच्याही भावनांना वय असते. नवीन रुजू झालेला शिक्षक मुलाचा उद्धटपणा स्वतःचा अपमान समजतो. चाळिशीतील शिक्षक घरची चिंता वर्गात घेऊन येतो. निवृत्तीजवळ आलेल्या शिक्षकाला तोच उद्धटपणा पाहून हसू येते, कारण असे कित्येक उद्धट मुलगे पुढे शहाणे झालेले त्याने पाहिलेले असतात. हे तिघे एका शाळेत असतील, तर त्यांनी एकमेकांशी बोलावे. त्याच मुलाविषयी तीन मते पडली, तर भांडण्याऐवजी तिन्ही मते एकत्र मांडून पाहावीत. तसेच, उसातल्या रस्त्याने दुचाकीवरून सायंकाळी घरी परतणारा शिक्षकही भितो. ते कबूल करण्यात उणेपणा नाही. स्वतःची भीती ओळखणाऱ्यालाच दुसऱ्याची ओळखता येते.

आपण भावना शिकवीत नाही, त्या मुलांबरोबर वाढतच असतात. आपण त्यांना जागा देतो किंवा अडवितो. ज्या मुलाच्या चार वर्षांच्या भीतीला चौथ्या वर्षी कोणी जवळ घेतले, त्याच्यापाशी चौदाव्या वर्षी ती सांगण्याचे धैर्य असते, चाळिसाव्या वर्षी तो आपल्या मुलावर उगाच डाफरत नाही, आणि सत्तराव्या वर्षी ओट्यावर बसून “पोरांना आत घ्या” असे शांतपणे म्हणू शकतो. त्या साखळीतील एखादी कडी आपल्या हाती आहे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील एका मुलाच्या अलीकडील वर्तनाचे स्मरण करा. त्यामागील भावनेचे वय त्याच्या प्रत्यक्ष वयाच्या पुढे होते की मागे? कशावरून?
२. “मुलगे रडत नसतात” व “वाघ येईल” या दोन वाक्यांऐवजी पालकांना कोणती वाक्ये सुचवाल?
३. ‘अवहित्था’ म्हणजे काय? शांत बसणाऱ्या मुलात ती कशी ओळखाल?
४. आपल्या शाळेच्या वाटा कोणत्या शिवारांतून जातात, याचा मुलांकडून नकाशा काढून घ्या. प्रत्येक वाटेवर कोण कोणाची सोबत करते, ते त्यावर लिहा.
५. आपल्या गावातील कोणत्या वृद्ध व्यक्तीस पुढील महिन्यात शाळेत निमंत्रित कराल, आणि कोणत्या विषयावर बोलण्याची विनंती कराल?